चौदसची माळ

काळवीट, अकरा.

पिस्ता रंगाची शाल.

खाकऱ्यांचा डबा, अर्धा उरलेला.

एक मेसेज : ‘दादी हो म्हणाली!!!’ दुपारी २:५२.

लोणारला सूर्य मावळला पाच सत्तावन्नला.

*

“दादी, तिकडं बघ!”

अंगुरीबाईंनी आधीच पाहिले होते. सोहोळच्या अभयारण्यात गवतातून कळप उसळला, तेव्हा गाडीच्या काचेवर पहिलं बोट त्यांचंच टेकलं. तोंडातून शब्द नाही. ओठ मात्र हलत होते; जप चालू होता.

“पन्नास वर्सांत पयल्यांदा गाडीत शांती हाये,” पुढच्या सीटवरून चंपालाल म्हणाले. “संयम, हळू चालव रे. असा दिवस पुन्हा येत नसते.”

अंगुरीबाईंनी मागून नवऱ्याच्या टोपीला टिचकी मारली. मागे बसलेली रिंकू आणि गाडी चालवणारा संयम, दोन्ही नातवंडं हसली.

चौदस होती, जैनांच्या उपासाची तिथी. सूर्योदय ते सूर्यास्त त्यांचं मौन, वर उपास, पाण्याचा थेंबही नाही. घरातला नियम जुना होता : माळ चालू असली की दादीला हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. लहानपणी संयमने एकदा लावला होता. दादीने पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात केली होती.

सहल रिंकूने ठरवली होती. वाशीमहून पहाटे निघायचं. सोहोळ, मग काटेपूर्णेचं तळं, संध्याकाळी लोणारचं सरोवर. दादीला खूश करायचं होतं. रिंकूला सतीशशी लग्न करायचं होतं आणि सतीश आपल्यातला नव्हता. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, शाळेत मास्तर. वडिलांनी हात वर केले होते. आपली आई, म्हणजे दादी, हो म्हणाली तर हो. नाही म्हणाली तर विषय संपला.

काल दिवेलागणीला दादीने तिला जवळ बसवलं होतं.

“उद्या माह्यं मौन हाये. हो असन तं माळ तुह्या हातात देईन. नाई तं माह्याजवळच राहीन.”

“काहून असं? तोंडानं सांग ना.”

“तोंडानं सांगतलं तं तू भांडशीन. माळेशी कोण भांडते?”

म्हणून सकाळपासून रिंकूचा डावा तळवा दोघींच्या मधे, सीटवर, उघडा पडला होता.

*

काटेपूर्णेला अंगुरीबाई उतरल्या नाहीत. हातानेच म्हणाल्या, तुम्ही जा. शाल अंगभर ओढली, माळ बोटांत घेतली.

तिघं पाण्याकाठी बसून खाकरे जेवले. चंपालाल बदकं मोजत होते आणि दर वेळी चुकत होते.

“दादी हो म्हणेल का हो, दादाजी?” रिंकूने विचारलं.

“तिचं मले कधी कळलं का? माह्या लग्नातबी तिनं तीन दिवस लावले होते.”

परतले तेव्हा पावणेदोन झाले होते. अंगुरीबाई डोळे मिटून टेकल्या होत्या. ओठही थांबले होते.

“चुप बसा,” चंपालाल कुजबुजले. “आता मनातल्या मनात चालू हाये. तो जप मोठा.”

संयमने रेडिओ लावलाच नाही. दार हळूच ओढलं.

मेडशीच्या पुढे गतिरोधक त्याला उशिरा दिसला. गाडी उडाली. दादीचा हात शालीतून निसटून रिंकूच्या तळव्यावर आला. एसीने गार पडलेला. बोटं सैल होती, आणि त्यांतून माळ सगळी तिच्या हातात उतरली.

रिंकूने मूठ मिटली.

“दादाजी.” तिने माळ वर धरली.

चंपालाल वळले. माळेकडे पाहिलं, मग बायकोच्या मिटलेल्या डोळ्यांकडे.

“देली? खरंच देली?” त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला. “ऐक, तुह्या आईनं माळ देली पोरीले. आता तू मधात बोलू नोको.”

संयमने आरशातून बहिणीला वेडावून दाखवलं. “मास्तरीणबाई, आता तांड्यावर छड्या मारा.”

रिंकू मेसेज लिहीत होती.

*

लोणारला ते तिघं कड्यावर उभे राहिले. खाली सरोवर हिरवट, मग तांबूस, मग काळं. सूर्याची शेवटची कड बुडाली तशी रिंकू गाडीकडे पळाली. दार उघडलं. दादीच्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले.

“सूर्य मावळला, दादी. आता बोल.”

*

दवाखान्याच्या बाकावर चंपालाल टोपी हातात घेऊन बसले होते.

“पन्नास वर्सं माह्याशी बोलली. अन् शेवटचा जबाब तुले देऊन गेली,” ते म्हणाले. “रडू नोको, बेटा. हे लग्न आता कोणी मोडत नाई. तिचा शब्द हाये तो.”

फोनवर वडीलही हुंदक्यांमधून तेच म्हणाले होते.

डॉक्टरांनी कागद आणून दिला. चंपालालांचा चष्मा गाडीत राहिला होता. त्यांनी कागद तसाच रिंकूकडे सरकवला. नाव. वय. त्याखाली, मृत्यूची अंदाजे वेळ : दुपारी दीड.

“काय लिव्हलं हाये?”

“नाव,” रिंकू म्हणाली. “नाव लिहिलंय, दादाजी.”

तिने कागदाची घडी घातली. मग आणखी एक.

मेडशीच्या पुढे गाडी उडाली, तेव्हा दोन बावन्न झाले होते.