एकेचाळिसावी गाडी

त्या एका मॉडेलची जुनी स्पोर्ट्स कार कुठे दिसली, की रिटायर्ड इंजिनिअर काका मालकाचा पिच्छाच पुरवायचे. "अर्धा तास द्या, पेट्रोलचा पाइप बदलून देतो. फुकट!"

आजच्या मालकिणीला आधी ते चक्रमच वाटले. पण काढलेल्या पाइपाच्या भेगा बघून तिला घामच फुटला.

"अहो, पेटली असती की गाडी! कंपनीनं सगळ्या गाड्या परत का नाही बोलावल्या?"

"नुसतं मेकॅनिकांना पत्रक पाठवलं. मालकानं तक्रार केली, तरच पाइप बदला, असं."

"कुठल्या शहाण्यानं ठरवलं हे?"

काकांनी नव्या पाइपाचा क्लॅम्प आवळला. वहीत एकेचाळिसावा नंबर लिहिला.

"त्याच शहाण्यानं आत्ता तुमचा पाइप बदलला. अजून एकोणसत्तर राहिल्यात."