मास्तरांची शिकवण

फायटर पायलटांसाठी नवे जी-सूट, म्हणजे विमानाच्या झटक्यात डोक्यातलं रक्त खाली उतरू नये म्हणून घालायचे पोशाख, आले. जुन्या सूटमध्ये वेगात वळताना श्वास रोखावा लागे. नव्यात रोखला की शुद्धच हरपते, त्यात सतत बोलत राहायचं. आयुष्यभर श्वास रोखायला शिकवणाऱ्या मास्तरांवरच आता ते विसरायला लावायची वेळ आली. सरावाच्या गरगर फिरणाऱ्या यंत्रात त्यांची सगळ्यात तयार पायलट, त्यांचीच लेक, तिसऱ्यांदा बेशुद्ध पडली.

"अगं, माइकवर घसा फोडून सांगतोय," ती डोळे उघडताच मास्तर म्हणाले, "ऐकू येत नाही का?"

"येतं ना, बाबा. म्हणून तर रोखला."

मास्तरांनी यंत्र चालवणाऱ्याकडे पाहिलं. तो चाचरला.

"मास्तर, तिचा चेहरा ओढला जायला लागला की तुम्ही दर वेळी 'श्वास रोख, बाळा, रोख' असंच ओरडता."