झग्याचं पुस्तक

थोरल्या लेकीने आपला लहानपणचा झगा भिजवला, कुटून त्याचा लगदा केला, कागद वाळवले आणि शिवून पुस्तक बांधलं.

"अगं, एवढा खटाटोप, आणि यात एक अक्षर नाही!" आई हसली.

"नुसता हात लावून बघ, आई."

आईने बोटाला थुंकी लावून पान उलटलं. खिडकीकडे तोंड करून उभ्या असलेल्या थोरलीसमोर एकदम भिंत आली. आपण वळलो कधी, तिला कळेना.

आईने दुसरं पान उलटलं. पुन्हा खिडकी. थोरलीच्या गालाला ओलं लागलं.

"आई, थांब ना जरा!"

आईला ते ऐकूच आलं नाही. पानावरून हात फिरवत ती म्हणाली, "अगदी माझ्या थोरलीच्या गालासारखं." मग तिने खोलीभर पाहिलं. "आत्ता इथे होती, गेली कुठे ही मुलगी?"

आणि तिने पुस्तक मिटायला घेतलं.