सोबतीचा रकाना

हेमांगीचा नवरा श्रीरंग वारला, त्याला आठ महिने झाले होते. ती रोज फिरून आली की घराची दारं-दिवे चालवणाऱ्या, दाराजवळच्या पॅनलवरून त्याचं नाव पुसायची, आणि सकाळी सहाला ते पुन्हा तिथे असायचं. शेवटी तिने त्याच्या ऑफिसातल्या फरीदाला बोलावलं.

"पॅनलवर पुसून भागत नाही, वहिनी," लॅपटॉप उघडत फरीदा म्हणाली. "घराचे सगळे नियम एका फाइलीत लिहिलेले असतात. घर रोज सकाळी ती वाचतं आणि स्वतःला परत तसंच करून घेतं. नाव फाइलीतूनच काढायला हवं."

"मग काढ बाई. पाहिलं की अंगावर काटा येतो."

हेमांगीला रस्ते आठवेनासे झाले, तेव्हा दाराचा नियम श्रीरंगनेच लिहिला होता. फरीदाने तो वाचला. मग पुन्हा वाचला.

"वहिनी, फिरायला कुठे जाता?"

"तळ्यापर्यंत. रोज संध्याकाळी."

"एकट्याच?"

"आता दुसरं आहे कोण?"

फरीदाने स्क्रीन तिच्याकडे वळवली. नियम साधा होता: दाराच्या कॅमेऱ्यात सोबती तिच्याबरोबर दिसला तरच हेमांगीला बाहेर सोडायचं. सोबतीच्या रकान्यात एकच नाव होतं, श्रीरंग. त्याखाली दाराने स्वतः केलेल्या नोंदी होत्या. आठ महिने, रोज संध्याकाळी, दोन माणसं बाहेर गेली आणि दोन माणसं आत आली.

फरीदाचा हात कळफलकावर थांबला होता. "काढू नाव?"

हेमांगीने शेवटच्या नोंदीवर बोट टेकवलं.

"तरीच," ती म्हणाली, "मी एकदाही रस्ता चुकले नाही."