सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं

अण्णांचा डावा हात लुळा पडला तेव्हा डॉक्टरांनी मुलाला बजावलं होतं, "रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं हात हलवत राहा, नाहीतर कायमचा आखडेल." त्यानंतर तीन महिने घरात कुणाला तेवढी सवड म्हणून झाली नाही.

आणि एके दिवशी मुलगा आपण होऊन पलंगापाशी येऊन बसला. हात मांडीवर घेऊन खाली-वर, गोल-गोल हलवू लागला. मग एकही दिवस चुकला नाही. अण्णांच्या मनगटावरचं जुनं, बंद पडलेलं घड्याळसुद्धा पुन्हा टिकटिकायला लागलं. आपले दिवस पालटले म्हणून ते सुनेसमोर रडलेही.

पंधराव्या दिवशी त्यांची करंगळी आपली आपण हलली. कधी एकदा मुलाला दाखवतोय असं त्यांना झालं होतं.

मुलगा आला, त्याने हात मांडीवर घेतला, घड्याळाचा पट्टा सोडवला आणि ते स्वतःच्या मनगटावर चढवलं.



"मीच खुळा, अण्णा. हे ऑटोमॅटिक आहे, हलत राहिलं की चालतं, असं घड्याळवाला म्हणाला होता. ते माझ्या हातात घातलं तरी चालेल, हे सुचलंच नाही बघा."