डॅशबोर्डवरच्या मुंग्या

इनायतुल्लानं जुन्या फियाटच्या डॅशबोर्डवरचं रेग्झिन टराटरा सोललं आणि खालचा फोम नाकाशी नेला. फोम पिवळाधम्मक, चिकट, आणि त्यात मुंग्यांनी संसार मांडलेला. वास मात्र असा, की त्याला भूकच लागली.

हाच डॅशबोर्ड त्यानं मागच्या वर्षी मन लावून नवा करून दिला होता. अमरावतीत जुन्या गाड्यांचे सगळे शौकीन त्याच्याकडेच यायचे, कारण त्याचं काम उसवत नाही अशी ख्याती होती. आणि ही गाडी वर्षभर नांदगाव खंडेश्वरभर फाटकं तोंड मिरवत फिरली. शेजारच्या दुकानदारानं तर चारचौघांत विचारलं, की इनायतभाई, हल्ली माल हलका वापरता का. ते त्याला फार झोंबलं होतं.

गाडीचे मालक भगवंतराव बाकावर बसून चहा फुंकत होते. हे उन्हानं झालं, असं त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं.

"भाऊ, उन्हानं रेग्झिन तडकते, मुंग्या नाई लागत," इनायतुल्ला म्हणाला. "खरं काय ते सांगा, नाईतर मी शिवतच नाई. नाव माझं खराब होऊन राहिलं."

भगवंतराव ताकास तूर लागू देईनात. उद्या पोळा, गाडी आज संध्याकाळच्या आत पाहिजे, एवढंच त्यांचं पालुपद. शेवटी बाकावर शेजारीच बसलेल्या त्यांच्या कारभारणीला, पार्वताबाईंना हसू आवरेना.

"सांगून टाका ना आता. लोणी लावतेत ते तिले. हळद घालून."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात, हे काय इनायतुल्लाला ठाऊक नव्हतं? पण भगवंतरावांची शेवटची जोडी कधीच गेली होती आणि शेतात आता भाड्याचा ट्रॅक्टर यायचा. ती संध्याकाळ आली, की रिकाम्या गोठ्यापुढं त्यांचा जीव कासावीस व्हायचा. मग एकदा ते वाटी घेऊन गाडीकडं वळले. गाडीला खांदा कुठला? काचेखालचा तो गोल उंचवटा त्यांना खांद्यासारखा दिसला, आणि तेव्हापासून दर पोळ्याला तो मनसोक्त चोळला जात होता.

इनायतुल्ला पोट धरून हसला. भगवंतराव हसले नाहीत.

"हसा," ते म्हणाले. "हे गाडी बैलापेक्षा कमी राबली नाई. आमची पोरगी आरती हिच्यातच जन्मली, दवाखान्याच्या रस्त्यात. मले राहवत नाई."

लोणी बंद करा, एवढं म्हटलं असतं तर इनायतुल्लाचं नाव वाचलं असतं. पण ते त्याच्या तोंडून निघेना. तो उठला आणि बाजारात बैल पारखावा तसा गाडीभोवती फिरला. मग पुढं येऊन खाली बसला.

"शेतकरी असून चुकले तुमी, भाऊ. जू कुठं येते? समोर. तुमी खांदा सोडून जनावराच्या पोटात लोणी चोळून राहिले." त्यानं बंपरवर थाप मारली. "खांदा हा आहे. इथं कितीबी चोळा. लोखंडाले लोणी मानवते."

भगवंतराव विचारात पडले. चिखलात फसलेली ट्रॉली या गाडीनं एकदा ओढली होती, तेव्हा दोर तिथंच बांधला होता. त्यांना ते एकदम पटलं.

डॅशबोर्ड तयार झाला तेव्हा उन्हं कलली होती. घरी पोचेपर्यंत अंधार पडला असता, म्हणून पार्वताबाईंनी बाजारातून आणलेलं लोणी आणि हळद पिशवीतून तिथंच काढली. भगवंतराव भर रस्त्यात फतकल मारून बसले आणि बंपर चोळू लागले. येणारे-जाणारे थांबून बघत होते, त्यांना त्याचं भान नव्हतं.

खांदा चोळून झाला, की बैलाला उद्याच्या जेवणाचं बोलावणं करायचं, अशी रीत आहे. भगवंतरावांनी बॉनेटवर हात ठेवला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ते हळूच म्हणाले.

मग त्यांचं लक्ष इनायतुल्लाकडं गेलं. सकाळपासून गाडीत वाकून वाकून त्याची मान अवघडली होती, ती तो दाबत उभा होता. भगवंतराव लोण्याच्या हातानं सरळ त्याच्यापाशी आले आणि त्यांनी त्याची कॉलर बाजूला सारली.

"आवतन तुमालेबी," ते म्हणाले.

इनायतुल्लानं कात्री खाली ठेवली आणि त्यांचा हात नीट पोचावा म्हणून मान जराशी खाली केली.