सीलबंद बाटली

शकूरच्या लेकीचा, महनूरचा निकाह झाला त्या सालची, निकाहानंतरची चौथी सकाळ. शकूरने कामाची पिशवी झटकली आणि दवेची बाटली बाहेर पडली. सील शाबूत.

नांदुऱ्याजवळच्या तेल मिलचा बॉयलर त्याने निकाहाच्या आदल्या दिवशी धुतला होता. पाण्याचा खार नळ्यांत थर धरून बसतो. तो तेजाबाने काढायचा. पण तेजाब थर खाऊन थांबत नाही, पोलादही खातं. म्हणून त्यात आधी ही सडक्या मासळीच्या वासाची दवा घालायची. दुधावर साय धरावी तशी ती पोलादावर बसते आणि तेजाबाला शिवू देत नाही. मंडपवाल्याचे, आचाऱ्याचे फोन घेता घेता शकूर दवा घालायला विसरला होता. सहा तास नुसतं तेजाब नळ्या कुरतडत राहिलं.

आज बॉयलर पेटणार होता. भट्टीसमोर उभा राहणार होता आसिफ, महनूरचा नवरा.

आसिफचा फोन बंद. मालक हिंमतरावांना लावावा, तर वीस वर्षांची अब्रू जायची. त्यापेक्षा जावयाला गाठावं, गुपचूप भट्टी विझवावी. शकूरने गाडी दामटली. दुरूनच चिमणीचा धूर दिसला.

फाटकावर किसनराव चौकीदार हसत उठला. "काय शकूरभाई, दावतीतलं मटन उरलं म्हून वाटाले आले का?"

"आसिफ कुठी हाय?"

"तुमचा जावई? तो तं काल सांजीलेच बायकोले घेऊन सैलानीच्या दर्ग्याले गेला. सुट्टी वाढवली न त्यानं. भट्टीवर आज त्याच्या जागी राम हाय."

शकूर मटकन बाकावर बसला. "या अल्ला, तेरा शुकर!"

"काऊन हो, येवढे घामेघूम? पानी घ्या."

त्याने पेला घेतला. रामचं नाव त्याने ऐकलं होतं, पण ते अजून आत शिरलं नव्हतं. तो घोट घोट पाणी पीत राहिला.

अर्ध्या पेल्यावर ते नाव आत शिरलं.

"भट्टी विझवा रे!" तो ओरडत उठला. त्याच क्षणी आत नळी फुटली. भट्टीच्या दारातून वाफेचा लोट सुटला.

राम, अन्नपूर्णाबाईचा थोरला लेक, दोन पोरींचा बाप, त्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गेला.